वजनकाट्याचा डेटा तुंबू नये, सांडू नये: बफर लिहिण्याची रीत

जिनिंगच्या गेटवरचा वजनकाटा कोणासाठी थांबत नाही. गाडी वर असो वा नसो, इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) सेकंदाला दहा वेळा वजन पाठवत राहतो. ते घेणारा प्रोग्रॅम मात्र जागोजागी अडतो. पावती छापताना अडतो, मेमरी कार्डावर लिहिताना अडतो, सर्व्हरच्या उत्तराची वाट बघताना तर हमखास अडतो. पाठवणारा आणि घेणारा यांच्या चालीतली ही तफावत झेलायला मध्ये जो साठा ठेवतात तो बफर. शंभर-दीडशे ओळींचं काम आहे, पण बहुतेक ठिकाणी ते ‘मोठा ठेवू, बघू पुढे’ असं उरकलेलं असतं आणि ऐन हंगामात, रांग रस्त्यावर आली की दगा देतं.

पुढची सगळी उदाहरणं एका मांडणीवर आहेत. हिंगणघाट, वणी, अकोटकडच्या बहुतेक जिनिंगमध्ये ती थोड्याफार फरकाने बसेल. इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची (एकेक बिट वाहणारी सिरीयल) तार निघते, सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथून टीसीपीने (नेटवर्कवर डेटा क्रमाने पोचवण्याची रीत) काटाघरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. तिथे वजन पडद्यावर दिसतं, पावती बनते आणि पावतीची नोंद मोबाइल नेटवरून सर्व्हरला जाते. (इंडिकेटरचं झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका, त्याला वैध मापनशास्त्र विभागाचं सील असतं. डेटा पोर्टवर जे मिळतं त्यावरच भागवायचं.)

आधी ठरवा: काय गेलं तर चालेल

या मांडणीत दोन जातींचा डेटा वाहतो. चालू वजन नवं आलं की जुन्याला कवडीची किंमत नाही. पावतीची नोंद मात्र एकही हरवली तर कास्तकाराच्या पैशाचा प्रश्न. दोन्ही एकाच रांगेत घालणं ही पहिली चूक. नेट गेलं की पावत्या तुंबतात, त्यांच्यामागे वजनं तुंबतात आणि पडद्यावर मघाचं वजन दिसायला लागतं.

बफर भरला की चारच गोष्टी करता येतात: पाठवणाऱ्याला थांबवणं, जुनं टाकणं, नवं टाकणं किंवा कनेक्शन तोडणं. कुठल्या बफरला यातलं काय, हे कोड लिहिण्याआधी कागदावर लिहून ठेवा. चालू वजनाला ‘जुनं टाका’. पावतीला ‘थांबवा’, म्हणजे नोंद डिस्कवर बसत नसेल तर पुढची पावती बनवूच द्यायची नाही. पाचवा पर्याय ‘बफर वाढवत न्या’ असा दिसतो, पण तो पर्याय नाही. गेटबाहेरचं यार्ड मोठं केल्याने आज दुपारी एकदम आलेल्या बंड्या-ट्रॉल्या सामावतात, पण रोज येणारा कापूस रोजच्या जिनिंगपेक्षा जास्त असेल तर यार्ड कितीही एकरांचं असो, भरणारच. मर्यादा नसलेली रांग शेवटी मेमरी खाते, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रॅमला मारतो आणि रांगेत असलेलं सगळं एका झटक्यात जातं.

तयार रांगा वापरताना इथेच फसगत होते. पायथनच्या क्यूला कमाल आकार दिला नाही तर ती अमर्याद असते. जावाच्या लिंक्ड-ब्लॉकिंग-क्यूची न सांगितलेली मर्यादा दोनशे कोटींच्या वर आहे, म्हणजे नसल्यातच जमा. नोडमध्ये स्ट्रीमवर लिहिल्यावर ‘फॉल्स’ परत आलं तर थांबायचं असतं. ते उत्तर कोणी बघत नाही आणि डेटा मेमरीत साचत जातो. आकार स्वतः द्या, दर वेळी.

आकार किती

सूत्र साधं आहे: येण्याचा वेग गुणिले घेणारा जास्तीत जास्त किती वेळ अडेल तो काळ, वर थोडी सवड. ९६०० बॉडची (सेकंदाला ९६०० बिटांची) तार सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट वाहते, कारण एका बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट जातात. आपली फ्रेम, म्हणजे एका वजनाचा पूर्ण संदेश, १२ बाइटची, सेकंदाला दहा, म्हणजे १२० बाइट. मेमरी कार्ड लिहिताना दोन सेकंद अडलं तर २४० बाइट साचतील. ४०९६ बाइटचा बफर ठेवला तर सुमारे ३४ सेकंदांची सोय झाली. याहून मोठा कशाला?

अडण्याचा काळ मात्र अंदाजाने धरू नका, मोजा. वाचणाऱ्या लूपच्या दोन फेऱ्यांमधलं सर्वांत मोठं अंतर एका व्हेरिएबलमध्ये धरून दर मिनिटाला लॉगमध्ये टाका. स्वस्तातल्या कार्डावर हा आकडा किती फुगतो ते बघून बरेच जण कार्ड बदलतात.

रिंग बफर

प्रोग्रॅमचा एक थ्रेड (स्वतंत्र चालणारा धागा) सॉकेटमधून (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकातून) वाचून भरतो, दुसरा फ्रेम काढतो. दोघेच असतील तर रिंग बफरसारखं (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा ॲरे) दुसरं काही नाही. ४०९६ बाइटचा ॲरे घ्या आणि दोन ३२ बिटी, चिन्हरहित मोजण्या: ‘लिहिले’ आणि ‘वाचले’. पहिली फक्त भरणारा वाढवतो, दुसरी फक्त काढणारा. दोन्ही शून्यावर आणायच्या नाहीत, वाढतच ठेवायच्या.

भरलेले = लिहिले − वाचले
मोकळे = ४०९६ − भरलेले
ॲरेतली जागा = मोजणीचे शेवटचे १२ बिट

मोजणी ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येते, पण वजाबाकीचं काही बिघडत नाही. ‘वाचले’ ४,२९,४९,६७,२९० वर आहे आणि त्यानंतर २० बाइट आले तर ‘लिहिले’ १४ होतं. १४ मधून ती मोठी संख्या ३२ बिटांत वजा केली की उत्तर २० च. मात्र ॲरेचा आकार दोनचा घात हवा. ५००० ठेवला तर मोजणी उलटताना जागा भलतीकडे उडी मारते. ९६०० बॉडची तार भरून वाहिली तर ही वेळ सुमारे ५२ दिवसांनी येते, आपल्या १२० बाइटच्या वेगाने वर्षाच्याही पुढे. म्हणजे टेबलावरच्या चाचणीत हा दोष कधीच दिसणार नाही. म्हणून चाचणीत दोन्ही मोजण्या कमालीच्या १०० आधीपासून सुरू करा. पहिल्याच मिनिटाला कळेल.

भरणाऱ्याने आधी बाइट ठेवायचे, मग ‘लिहिले’ वाढवायचं, आणि ती वाढ ‘रिलीज’ क्रमाने करायची, म्हणजे आधी लिहिलेलं आधीच दिसेल. काढणाऱ्याने ती ‘अक्वायर’ क्रमाने वाचायची. साध्या व्हेरिएबलवर भागवलं तर इंटेलच्या पीसीवर बहुधा चालून जातं, कारण तो प्रोसेसर लिहिण्याचा क्रम स्वतःच पाळतो. पायचा एआरएम प्रोसेसर तो पाळेलच असं नाही: मोजणी आधी दिसते, बाइट मागून, आणि काढणाऱ्याला जुना कचरा मिळतो. ‘माझ्या लॅपटॉपवर नीट चालतं, काट्यावर कधीतरी उलटंसुलटं वजन येतं’ ही तक्रार आली तर आधी इथेच बघा.

भरणारे दोन किंवा अधिक झाले की हा खेळ सोडा आणि लॉक लावलेली साधी रांग वापरा. सेकंदाला १२० बाइटसाठी लॉक-मुक्त हुशारी दाखवण्यात अर्थ नाही.

बाइटमधून फ्रेम

टीसीपी बाइटांचा प्रवाह देतं, फ्रेम देत नाही. एका वाचनात अर्धी फ्रेम येईल, कधी अडीच येतील. ‘एक वाचन म्हणजे एक वजन’ असं धरून लिहिलेले प्रोग्रॅम ऑफिसात चालतात आणि जागेवर आपटतात.

आपली फ्रेम अशी: सुरुवातीचा बाइट ०२, चिन्ह, सात अंक, वजन स्थिर असेल तर ‘एस’ आणि हलत असेल तर ‘यू’, चेकसम, शेवटचा बाइट ०३. चेकसम म्हणजे चूक ओळखायचा बाइट, इथे मधल्या नऊ बाइटांचा एक्सऑर (बिटागणिक ‘वेगळे असतील तर १’). ६,४६० किलोच्या ट्रॉलीची स्थिर फ्रेम:

०२ + ० ० ० ६ ४ ६ ० एस ४सी ०३

(४सी हे सोळा-पायाच्या अंकांत. तुमच्या इंडिकेटरची फ्रेम वेगळी असेल, मॅन्युअल बघा.)

आता समजा मधले काही बाइट गळाले आणि बफरात हे आलं:

०२ + ० ० ० ६ ०२ + ० ० ० ६ ४ ६ ० एस ४सी ०३

पहिल्या ०२ पासून १२ बाइट मोजले तर बारावा ६ निघतो, ०३ नाही. फ्रेम खराब. इथे ते १२ बाइट फेकून दिले तर मागची चांगली फ्रेमही अर्धी कापली जाते आणि तीही जाते. म्हणून एकच बाइट फेकायचा, पुढचा ०२ शोधायचा आणि तिथून पुन्हा १२ मोजायचे. १२ बाइट अजून आलेच नसतील तर काहीच न फेकता थांबायचं. आणि किती बाइट फेकले त्याची मोजणी ठेवायची. ती रोज वाढत असेल तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्याआधी तारेचं अर्थिंग बघा.

शिळं वजन

बफर भरून सांडण्यापेक्षा मोठा धोका बफर नीट काम करण्यात आहे. प्रोग्रॅम २० सेकंद अडला, तेवढ्यात आधीची ट्रॉली उतरली आणि दुसरी चढली. बफरात २०० फ्रेम शाबूत आहेत, क्रमही बरोबर आहे. प्रोग्रॅमने पुढची फ्रेम उचलली की ती आधीच्या ट्रॉलीची निघते आणि दुसऱ्याच्या पावतीवर बसते. चेकसम बरोबर, वजन स्थिर, कुठेही चूक दिसत नाही.

उपाय असा की फ्रेम काढणाऱ्याच्या पुढे रांग ठेवूच नये, एकच खाना ठेवावा. नवी फ्रेम आली की जुनीवर लिहायची. प्रत्येक फ्रेमवर वाचल्याची वेळ टाकली की झालं असं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही, कारण बाइट कर्नलच्या किंवा कन्व्हर्टरच्या बफरात पडून राहिलेले असू शकतात आणि तुम्ही उचलल्याची वेळ ताजी दिसते. म्हणून अडून उठल्यावर सॉकेट ‘आता काही नाही’ म्हणेपर्यंत पूर्ण रिकामं करायचं, ते सगळं सोडून द्यायचं, आणि त्यानंतर सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या अंतराने आलेल्या सलग पाच स्थिर, सारख्या फ्रेम मिळाल्या तरच पावतीचं बटण उघडायचं. फ्रेम एकामागोमाग धडाधड येत असतील तर समजायचं की अजून साचलेलंच वाहतंय. वेळेचं अंतर मोजायला मोनोटॉनिक (कधी मागे न जाणारं) घड्याळ वापरा, भिंतीवरचं, म्हणजे तारीख-वेळ सांगणारं, नको.

‘थांब’ कुठवर पोचतं

टीसीपीत घेणाऱ्याने वाचणं थांबवलं की कर्नलचा बफर भरतो, विंडो (आणखी किती घेऊ शकतो तो आकडा) शून्यावर येते आणि पाठवणारा थांबतो. छान सोय आहे. पण ती कन्व्हर्टरपर्यंतच. त्याच्यापुढे काट्याकडे जाणाऱ्या तारेत बहुतेक ठिकाणी तीनच वायर असतात: पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. थांबायचा इशारा द्यायला वेगळी वायरच नाही. तुम्ही वाचणं थांबवलंत की कन्व्हर्टरचा छोटा बफर भरतो आणि त्यानंतरचे बाइट तो फेकतो, तेही फ्रेमच्या मधोमध आणि मोजणी न ठेवता.

म्हणून चालू वजनाचं सॉकेट कायम वाचत राहायचं. टाकायचं असेल तर आपल्या हाताने, फ्रेम पूर्ण झाल्यावर, मोजून. जिथे मूळ स्रोताला थांबवता येत नाही तिथे सांडणार हे नक्की. कुठे सांडायचं एवढंच आपल्या हातात आहे.

पावत्यांची रांग डिस्कवर

दिवसाला २५० गाड्या धरा. भरलेली आणि रिकामी अशा दोन नोंदी, म्हणजे ५००. नोंद ४०० बाइटची. दिवसाचे दोन लाख बाइट. आठवडाभर नेट नसलं तरी १४ लाख. जागेचा प्रश्नच नाही, प्रश्न लाइन जाण्याचा आहे.

स्वतः फाइल लिहू शकता, पण एसक्यूलाइट हा एकाच फाइलीतला छोटा डेटाबेस घ्या. जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची रीत) ‘वॉल’ ठेवलंत तर सिंक्रोनस (डिस्कवर पक्कं बसेपर्यंत थांबण्याचं सेटिंग) ‘फुल’ करा. ‘नॉर्मल’ला डेटाबेस बिघडत नाही, पण लाइन गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. क्रम हा असा:

१. वाढता क्रमांक देऊन नोंद डेटाबेसमध्ये टाका, कमिट (डिस्कवर पक्की) होऊ द्या.
२. मगच पावती छापा, ‘छापली’ खूण करा.
३. पाठवणारा थ्रेड सर्वांत जुनी न पोचलेली नोंद उचलून पाठवेल.
४. सर्व्हरने तो क्रमांक ‘मिळाला’ म्हणून परत पाठवला की ‘पोचली’ खूण करा.

एक आणि दोनच्या मध्ये लाइन गेली तर सुरू झाल्यावर न छापलेल्या नोंदी दाखवा आणि ‘दुय्यम प्रत’ शिक्क्याने छापू द्या. क्रमांकावरच भर द्या, वेळेवर नको: पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळ नसतं. लाइन येते, नेट येत नाही आणि बोर्ड मागचीच वेळ धरून बसतो. वेळेने लावलेली रांग अशा दिवशी उलटीपालटी होते.

तिसऱ्या पायरीत एक गैरसमज फार दिसतो. ‘सेंड’ यशस्वी झालं याचा अर्थ डेटा आपल्याच कर्नलच्या बफरात गेला, एवढाच. टॉवर पडला असेल तर लिनक्स मूळ सेटिंगला पाव तासभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं आणि तोवर चूक कळवत नाही. म्हणून चौथी पायरी आल्याशिवाय नोंद पुसायची नाही. ‘मिळाला’ हा निरोपच वाटेत हरवला तर तीच नोंद दुसऱ्यांदा जाईल, म्हणून सर्व्हरवर काट्याचा क्रमांक आणि नोंदीचा क्रमांक मिळून एकमेव ठेवा. दुबार आली तर तक्रार न करता ‘मिळाला’ म्हणा.

लाइन आल्यावर सर्व्हरवर काय होतं

सहा तास तालुकाभर लाइन आणि नेट नव्हतं, काटे इन्व्हर्टरवर चालू होते. ४० काटे, तासाला ५० नोंदी, म्हणजे १२,००० नोंदी एकदम दारात. डेटाबेस एकेक नोंद कमिट करत सेकंदाला ५० उरकत असेल तर चार मिनिटं लागतात. ते चालेल. चालत नाही ते पुढचं: काट्यावरच्या प्रोग्रॅमने ३० सेकंदांत उत्तर नाही म्हणून तीच नोंद पुन्हा पाठवली, मग पुन्हा, आणि १२,००० च्या जागी लाखभर झाल्या. एकाच कनेक्शनवर पुन्हा पाठवू नका, ते काम टीसीपी करतंय. कनेक्शन तुटून नवं झालं तरच पाठवा, आणि नवं जोडण्याआधी शून्य ते साठ सेकंदांत कुठलाही यादृच्छिक काळ थांबा. सर्व्हरने शंभर-शंभर नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या की चार मिनिटंही उरत नाहीत.

सर्व्हरची रांग १०२४ नोंदींची ठेवा. ७६८ वर गेली की सगळ्या सॉकेटांवरचं वाचन थांबवा, २५६ वर उतरली की सुरू करा. दोन वेगळ्या खुणा हव्यात. एकच असली तर दर नोंदीला थांब-चालू, थांब-चालू. ७६८ च्या वर राहिलेली जागा आधीच वाचून झालेल्या नोंदींसाठी आहे: ४० कनेक्शनमधून प्रत्येकी चार-पाच आल्या तरी बसतात. त्यासाठी एका कनेक्शनमधून एका फेरीत दोन केबीपेक्षा जास्त वाचायचं नाही. याने हेही साधतं की चांगलं नेट असलेला एकच काटा बाकीच्यांना उपाशी ठेवत नाही.

इपोल (कोणत्या सॉकेटवर डेटा आलाय ते सांगणारी लिनक्सची सोय) वापरत असाल तर थांबवताना त्या सॉकेटची ‘वाचायला आलंय’ ही नोंदणी काढा. लेव्हल प्रकारात ती तशीच ठेवली तर इपोल क्षणाक्षणाला उठवत राहतं आणि सीपीयू १०० टक्क्यांवर जातो. एज प्रकारात उलटं: थांबलेले असताना आलेल्या डेटाचा इशारा होऊन गेलेला असतो, तो पुन्हा मिळत नाही, म्हणून सुरू करताना स्वतःहून एकदा वाचून बघा. नाहीतर ते कनेक्शन जिवंत दिसतं पण मुकं राहतं.

नोंदीच्या आधी चार बाइटांत लांबी पाठवत असाल तर तेवढी मेमरी मागण्याआधी कमाल तपासा, ६४ केबी भरपूर झाली. इंटरनेटवर उघडं असलेलं पोर्ट कोणीतरी ब्राउझरसारखं खटखटवतंच. एचटीटीपी विनंतीची पहिली चार अक्षरं, ‘गेट’ची तीन आणि एक मोकळी जागा, लांबी म्हणून वाचली तर आकडा येतो १,१९,५७,२५,८५६. सुमारे १२० कोटी बाइट मागताना सर्व्हर कोसळला तर लॉगमध्ये हाच आकडा शोधा.

काय मोजायचं, कसं तपासायचं

प्रत्येक बफरसाठी चार आकडे लॉगमध्ये हवेत: आत्ता किती भरलाय, आजवर जास्तीत जास्त किती भरला, किती टाकलं, आणि आत बसलेली सर्वांत जुनी गोष्ट किती जुनी आहे. चौथा सर्वांत कामाचा. ‘रांगेत ८०’ यावरून काही कळत नाही. ‘सर्वांत जुनी पावती ४ तासांची’ म्हटलं की कोणाला फोन करायचा ते कळतं.

चाचणीसाठी काटा लागत नाही. फ्रेमांची फाइल बनवा आणि ती एकेक बाइट करून पाठवा, मग सगळी एकदम, मग मधूनमधून बाइट गाळून. प्रत्येक वेळी निघालेल्या चांगल्या फ्रेम आणि फेकलेले बाइट हाताने मोजून जुळवा. घेणाऱ्या प्रक्रियेला स्टॉप सिग्नल देऊन ३० सेकंद गोठवा, तेवढ्यात पाठवणाऱ्याचं वजन बदला, मग कंटिन्यू द्या. पडद्यावर जुनं वजन क्षणभर दिसलं तरी हरकत नाही, पावतीचं बटण मात्र उघडता कामा नये. डिस्कच्या रांगेसाठी नोंदी धडाधड टाकत असताना पायची पिन उपसा, पुन्हा लावा आणि शेवटची छापलेली पावती डेटाबेसमध्ये आहे का बघा. वीस वेळा उपसा. एकदाही छापलेली पावती गायब निघाली तर सिंक्रोनसचं सेटिंग तपासा, आणि ते बरोबर असेल तर कार्डच ‘लिहिलं’ म्हणून खोटं सांगतंय. ते बदलून बॅकअपसह छोटा यूपीएस लावा.